दीड एकराच्या तळ्यातला मोठा बास हिशेबात धरावा का?

गळाने मासे धरण्यासाठी दिवसाच्या बोलीवर मिळणाऱ्या एका खासगी तळ्यावर मी गेल्या वर्षभरात तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला, दिवस कलता कलता, ३.४ किलोचा लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) माझ्या गळाला लागला आणि आजवर मी धरलेल्या बासांत त्याला पहिला क्रमांक द्यायचा की नाही, यावरून माझा आणि माझ्या एका जुन्या मित्राचा वाद सुरू झाला. मोठ्या जलाशयांवर होडीतून गळ टाकण्यात उभा जन्म घालवलेल्या या मित्राने छायाचित्र पाहिले, तळे केवढे आहे ते विचारले आणि तिथल्या तिथे निकाल दिला: "अरे, वासरांत लंगडी गाय शहाणी. हा मासा तू मोजायचा नाहीस." या तळ्याविषयी चार शब्द लिहायचे माझ्या मनात होतेच, लिहायला बसल्यावर लक्षात आले की इथल्या सेवेबद्दल जे काही बरेवाईट सांगण्यासारखे आहे ते सगळे याच प्रश्नाशी येऊन थांबते. तळ्याचा मालक आपल्याकडून पैसे घेतो ते मोठा मासा लागण्याच्या शक्यतेचे, आणि ती शक्यता जर त्यानेच वर्षानुवर्षे खपून घडवलेली असेल, तर लागलेल्या माशाचे श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

तळ्याचे आणि मालकांचे नाव मी मुद्दाम देत नाही. ते दिवसाला दोघांनाच घेतात आणि गर्दी वाढू नये अशी त्यांची इच्छा आहे. शिवाय पुढे एक तक्रार येणार आहे, ती मी त्यांच्या तोंडावर सांगितलेली असल्याने नाव घेऊन चारचौघांत मांडण्याची गरज वाटत नाही. (गळ टाकणाऱ्याने आपली जागा सांगू नये हा आमच्यातला जुना संकेत आहेच, पण तो इथे पुढे करणे म्हणजे ढोंग होईल.)

तळे मोजून दीड एकराचे आहे. एका अंगाला मातीचा बांध आहे, बांधालगत सर्वांत खोल म्हणजे १३ फूट पाणी आहे, आणि तिथून ते उथळ होत होत समोरच्या पाणकणसांच्या पट्ट्यापर्यंत जाते. मधोमध मालकांनी झाडांची जुनी खोडे बुडवून ठेवली आहेत आणि ती नेमकी कुठे आहेत याचा हाताने काढलेला नकाशा ते येणाऱ्याच्या हाती ठेवतात. काठाने सावकाश चालत सुटले तरी सात-आठ मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण होते, आणि बऱ्यापैकी दांडी असेल तर कोणत्याही काठावरून फेकलेला गळ तळ्याच्या मध्यापलीकडे सहज पडतो. म्हणजे या पाण्यात माझा गळ पोहोचणार नाही अशी एकही जागा नव्हती, हे अक्षरशः खरे आहे, आणि मित्राचा रोख त्यावरच होता.

परंतु लहान तळ्यात मोठा बास असणे ही मुळात सोपी गोष्ट नाही, आणि या सेवेचे खरे मोल तिथेच आहे. लहान तळ्यात बास सोडून ते तसेच राहू दिले, तर बहुतेक वेळा काही वर्षांत तिथे वीतभर किंवा फार तर दीड वीत लांबीच्या, मोठ्या डोक्याच्या आणि खपाटीला गेलेल्या पोटाच्या बासांची दाटी होते. प्रत्येक मासा जगण्यापुरते खातो, वाढण्यापुरते कोणालाच मिळत नाही. बासचे वजन एक किलोने वाढायचे तर त्याच्या पोटात सुमारे दहा किलो लहान मासे जावे लागतात असा मत्स्यपालनातला ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने माझ्या हाती आलेल्या माशाने या दीड एकरात तीस किलोंहून अधिक ब्लूगिल, म्हणजे बासचे भक्ष्य असलेले लहान मासे, फस्त केलेले असणार. एवढे खाद्य एका माशाच्या वाट्याला यायचे, तर वाटेकरी कमी करावे लागतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३०च्या दशकापासून तळ्यांवर जे काम केले, त्यातून भक्ष्य आणि भक्षक यांचा तोल राखून तळे चालवण्याचे शास्त्र उभे राहिले. दहा ब्लूगिलांमागे एक बास सोडण्याचे जुने प्रमाण त्याच परंपरेतले. आमचे मालक ते शास्त्र पुस्तकातून शिकले की अनुभवातून, हे मी विचारले नाही, पण ते काटेकोरपणे पाळतात एवढे दिसले.

त्यामुळे इथला सर्वांत चमत्कारिक वाटणारा नियम हाच सर्वांत शहाणपणाचा आहे. ३५ सेंटिमीटरपेक्षा लहान बास लागला तर तो परत पाण्यात सोडायचा नाही. बांधावर ठेवलेल्या टबात टाकायचा. ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा लागला तर तो मात्र सोडलाच पाहिजे. "मासा सोडा" हे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे उलटे वाटते. मलाही वाटले. पहिल्या खेपेला मी अकरा मासे धरले, त्यांतले नऊ टबात गेले आणि मालकांनी माझे आभार मानले, तेव्हा आपण पैसे देऊन त्यांच्या तळ्याची निंदणी करून दिली की काय, अशी शंका मनात येऊन गेली. ती खरीच होती. तिथे येणारा प्रत्येक जण मागून येणाऱ्याच्या मोठ्या माशासाठी तण उपटत असतो.

बाकीचे नियम नेहमीचेच आहेत. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असावा, हातजाळे रबरी आणि बिनगाठीचे असावे, माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत आणि जड मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा. कोणी दांडी लावायला बसण्यापूर्वी मालक प्रत्येकाचा गळ स्वतः बोटाने चाचपून पाहतात. मला हे आवडले.

आता तो मासा. दिवस थंडीकडे झुकणारे होते, पाणी निवू लागले होते आणि दुपारभर गळाला एकही चांगली ओढ लागली नव्हती. तळ्याच्या कोपऱ्यात तिपाईवर एक पिंप बसवलेले आहे. संध्याकाळी साडेपाचला त्यातली चकती आपोआप घरघरते आणि पाच-सहा सेकंद पाण्यावर दाणेदार खाद्य उधळते. हे खाद्य ब्लूगिलांसाठी असते. घरघर सुरू झाली तसे पाणी पावसाचे थेंब पडावेत तसे फुटू लागले, शेकडो लहान तोंडे वर आली, आणि त्या गोंधळाच्या कडेला, खोलाकडच्या बाजूने, पाणी एकदाच जड हलले. मी पंधरा पावलांवर होतो. वजन न लावलेला काळा रबरी किडा मी त्या हालचालीच्या पलीकडे टाकला आणि दोरा सैल ठेवून तो नुसता बुडू दिला. ओढ अशी जाणवलीच नाही. दोरा पाण्याला जिथे शिवत होता ती जागा डावीकडे सरकू लागली, एवढेच. दांडी उचलली तेव्हा पलीकडून कोणी तरी दार लावून घ्यावे तसे वजन लागले. मासा आधी बुडवलेल्या खोडांकडे धावला, तिथून वळवल्यावर एकदा पूर्ण बाहेर आला, तोंड उघडून डोके झाडले आणि पुन्हा खाली गेला. हे सगळे मिळून दोन-अडीच मिनिटे चालले असेल. हातजाळ्यात आला तेव्हा माझे गुडघे लटपटत होते आणि आपला मासा मोजायचा की नाही, हा प्रश्न माझ्या स्वप्नातही नव्हता.

प्रश्न आला तो मालकांच्या वहीतून. ते धावत आले, त्यांनी मासा पाण्यातच आडवा धरला आणि शेपटीच्या वरच्या टोकाला असलेली अर्धचंद्रासारखी खाच बोटाने दाखवली. जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात जुन्या जखमेचा पांढुरका वण होता. वही उघडून, दोन पाने मागे जाऊन ते म्हणाले, "ही मादी आहे. गळाला लागायची ही तिची पाचवी खेप." वहीत शेपटीची खाच पेन्सिलीने काढलेली होती, आणि तिच्यापुढे चार तारखा, चार वजने आणि प्रत्येक वेळी वापरलेले आमिष लिहिलेले होते. शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची होती.

ही वही या सेवेतली सर्वोत्तम गोष्ट आहे असे माझे मत आहे, आणि तिनेच माझा आनंद त्या संध्याकाळपुरता अर्धा केला. चार जणांनी आधी धरलेला, माणसाने वाटेकरी कमी करून वाढवलेला, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यात येणारा मासा मी धरला होता. मित्राने हे ऐकल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मग तू मासा नाही धरलास, त्याची पाळी आली तेव्हा तू तिथे होतास."

वाक्य झोंबले, म्हणून मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. पाण्याचा आकार हाच निकष असेल, तर या छंदातल्या सर्वांत मोठ्या नोंदींचे काय करायचे? लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम आजही दोघांच्या नावावर आहे. पहिला जॉर्ज पेरी यांचा, २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमधला, २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंहून थोडा अधिक. नावात लेक असले तरी ते ओकमल्गी नदीने पात्र बदलताना मागे टाकलेले एक वळण होते. दुसरा मानाबू कुरिता यांचा, २ जुलै २००९ रोजी जपानमधल्या बिवा सरोवरातला. बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचे. कुरितांचा मासा पेरींच्या माशापेक्षा एका औंसाहूनही कमी फरकाने जड भरला, आणि जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो असा आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनचा नियम असल्यामुळे दोघांची बरोबरी झाली. सत्याहत्तर वर्षांच्या अंतराने नदीचे टाकलेले वळण आणि देशातले सर्वांत मोठे सरोवर एकाच ओळीत येऊन बसले, आणि पेरींचा मासा वळणातला म्हणून कोणी अर्धा मोजला नाही.

याहून बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या एस्कॉन्डिडो येथील डिक्सन लेकचे आहे. हा जलाशय सुमारे ७० एकरांचा. आमच्या तळ्यापुढे समुद्रच, पण मोठ्या जलाशयांवर होडी हाकणाऱ्या माझ्या मित्राच्या लेखी तेही डबकेच. तिथल्या एका मादीच्या कल्ल्याखाली काळा ठिपका होता, म्हणून लोक तिला डॉटी म्हणत. २००३ मध्ये ती २१ पौंड ११ औंसांची असताना धरली गेली होती असे त्या ठिपक्यावरून मानले जाते. २० मार्च २००६ रोजी मॅक वीकली यांनी तीच मादी पुन्हा धरली तेव्हा ती २५ पौंड १ औंस भरली. विक्रमाहून जवळजवळ सव्वा किलोने जास्त. पण गळ तोंडात न लागता अंगात रुतला होता, आणि वीकलींनी मासा सोडून दिला व विक्रमासाठी दावाच केला नाही. तो मासा मोजला गेला नाही याचे कारण तळ्याचा आकार नव्हता, ती आधी धरली गेलेली असणे हेही नव्हते; गळ कसा लागला हे होते. २००८ मध्ये ती मेलेली सापडली तेव्हा ठिपक्यावरूनच ओळखली गेली. आमच्या मालकांची खाचेची पेन्सिल-चित्रे पाहताना मला ती आठवली.

म्हणजे आकाराचा मुद्दा निकालात निघाला असे मात्र नव्हे, कारण मित्राच्या म्हणण्यात जो खरा अंश आहे तो वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच असोसिएशनचा नियम असा आहे की मत्स्यबीज केंद्राच्या पाण्यातले किंवा अभयारण्यातले मासे विक्रमासाठी ग्राह्य धरले जात नाहीत. टेक्सास राज्याच्या वन्यजीव खात्याने आणखी एक पायरी पुढे जाऊन खासगी पाण्यातल्या माशांच्या विक्रमांची यादीच सार्वजनिक पाण्यांच्या यादीपासून वेगळी ठेवली आहे. मला हा तोडगा फार समजूतदार वाटतो. तिथे खासगी तळ्यातला मासा नाकारलेला नाही आणि सार्वजनिक जलाशयातल्या माशाच्या मांडीला मांडी लावूनही बसवलेला नाही. सार्वजनिक पाण्यात मासा किती वाढावा हे कोणा एकाच्या हातात नसते, खासगी तळ्यात ते बरेचसे असते, आणि वजनाचा आकडा वाचणाऱ्याला एवढे कळलेच पाहिजे.

राहिला सोपेपणाचा प्रश्न. मोठ्या जलाशयावर दिवसाचा मोठा भाग मासे कुठे आहेत हे शोधण्यात जातो. लहान तळ्यात तो शोध नसतो, हे कबूल. परंतु शोध संपल्यावर जे उरते ते लहान तळ्यात जास्त अवघड असते. इथे माशाने गळ पाहिलेला असतो. काठावरची पावले त्याला जाणवतात, चुकलेली फेक झाकता येत नाही, आणि एक मोठा मासा हातातून सुटला की दीड एकरात दुसरीकडे जायला जागा नसते. ती संध्याकाळ तिथेच संपते. इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या लहानशा प्रायोगिक तलावावर १९७५ पासून बासांवर दीर्घकाळ अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते, असे त्यातून दिसले. त्याच पाण्यात, तेच गळ पडत असताना, एक मासा एका वर्षात १६ वेळा लागला आणि काही मासे कधीच लागले नाहीत. तेव्हा माझी मादी पाचव्यांदा लागली याचा अर्थ ती मूर्ख होती असा मी लावणार नाही, पण ती या तळ्यातली सर्वांत अवघड मासोळी होती असेही म्हणणार नाही. सर्वांत अवघड मासोळी वहीत नसेल. तिची खाच कोणी काढलेली नसेल.

माझे स्वतःचे मन जिथे खरोखर अडते ते तळ्याच्या लांबीरुंदीपाशी नाही, त्या घरघरणाऱ्या पिंपापाशी. बास ते दाणे खात नव्हता. तो दाणे खाणाऱ्यांना खायला आला होता, आणि असा शिकारी भक्ष्याच्या गर्दीपाशी येतो हे कुठल्याही पाण्यात खरे आहे. मोठ्या जलाशयावर आम्ही लहान माशांचे थवे शोधतो ते याच कारणासाठी. तरीही निसर्गाच्या वेळेला टपून बसणे आणि यंत्राच्या वेळेला टपून बसणे यांत फरक आहे. साडेपाच वाजणार आहेत हे मला माहीत होते, आणि मी घड्याळ पाहून त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो होतो. हे मी मित्राला सांगितले नव्हते, इथे सांगतो. मालकांकडे मागितल्यास ते पिंप बंद ठेवतात का, हे मी त्या दिवशी विचारायला हवे होते.

आता तक्रार. मालकांचा वजनकाटा जुन्या धाटणीचा, स्प्रिंगचा आहे. मासा कापडी झोळीत ठेवून ते झोळी आकड्याला अडकवतात आणि दिसेल तो आकडा वहीत लिहितात. माझ्या माशाचे वजन त्यांच्या काट्यावर ३.७ किलो आले. माझ्याजवळ लहान इलेक्ट्रॉनिक काटा होता. तीच ओली झोळी रिकामी अडकवून मी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा वजन केले, तर ते ३.४ भरले. खात्रीसाठी फीत लावली: लांबी ५६ सेंटिमीटर, घेर ४२ सेंटिमीटर. लांबीला घेराने दोनदा गुणून ८०० ने भागायचे, मापे इंचांत घ्यायची, म्हणजे पौंडांत अंदाजे वजन मिळते असा गळवाल्यांचा जुना आडाखा आहे. त्याने साडेसात पौंड, म्हणजे ३.४ किलोच आले. तीनशे ग्रॅम पाणी प्यायलेल्या झोळीचे होते. मी हे दाखवल्यावर मालक शांतपणे म्हणाले, "मी सगळ्यांचेच झोळीसकट लिहितो हो. त्यामुळे तुलना बिघडत नाही."

पहिल्यांदा मला हसू आले, पण वहीपुरते त्यांचे बरोबर आहे. तीच झोळी, तोच काटा, तेच तळे. त्या चौकटीत वहीतली मागची झोळीसकट ३.४ आणि आजची झोळीसकट ३.७ यांच्यात मादी तीनशे ग्रॅमने वाढली हे खरेच आहे. बिघडते ते वहीतला आकडा भिंतीवर जातो तेव्हा. तळ्याशेजारच्या खोलीत मोठ्या माशांची छायाचित्रे लावलेली आहेत, प्रत्येकाखाली वजन आणि धरणाऱ्याचे नाव आहे, आणि तळे किती एकरांचे, मासा कितव्यांदा लागलेला, वजन झोळीसकट की झोळीविना, यांपैकी एकही गोष्ट तिथे लिहिलेली नाही. त्या भिंतीवर माझ्या ओळखीची खाचेची शेपटी दोन वेगळ्या माणसांच्या हातात, दोन वेगळे विक्रम म्हणून दिसते. खोलीत पाऊल टाकणारा नवा माणूस या आकड्यांची तुलना कुठल्या तरी मोठ्या जलाशयातल्या माशाशी करणार, आणि त्याला तसे करू देणे ही मालकांची अप्रामाणिकता नसली तरी निष्काळजी नक्कीच आहे. छायाचित्राखाली दोन ओळी वाढवल्याने त्यांचे काहीच जाणार नाही. उलट इतक्या लहान पाण्यात एवढा मासा कसा वाढला हे वाचून, ज्याला तळ्यातले काही कळते असा माणूस त्यांनाच आधी नमस्कार करील.

इतर सोयींबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. सावली पुरेशी आहे, खोली स्वच्छ आहे. दोघांत मिळून एक वल्ह्याची होडी मिळते, पण ती वापरू नये असे मी सुचवीन. या आकाराच्या तळ्यात वल्ह्याचा एक आवाज सगळीकडे ऐकू जातो. भाड्याने मिळणाऱ्या दांड्या जाड आणि बोथट आहेत, रिळांची पकड सैल असते, स्वतःचे सामान न्यावे. पावसाने दिवस वाया गेला तर मालक दुसरा दिवस देतात. दुसऱ्या खेपेला मला दिला.

ज्याला गळ टाकायला शिकायचे आहे, किंवा दांडीला मोठा मासा लागल्यावर हाताचे काय होते हे एकदा अनुभवायचे आहे, त्याने इथे जरूर जावे. ज्याच्या डोक्यात आकड्यांची यादी आहे त्यानेही जावे, फक्त स्वतःचा काटा घेऊन जावे आणि ती वही मागून वाचावी. पाचपैकी चार तारे. एक मी भिंतीचा कापला आहे.

मासा मी माझ्या रोजनिशीत नोंदवला आहे. मोठ्या जलाशयांच्या पानावर त्याला जागा दिलेली नाही, मित्राच्या समाधानासाठी गाळलेलाही नाही. तळ्यांसाठी नवे पान उघडले आणि त्यावर लिहिले: मादी, ३.४ किलो, झोळी वजा करून, तळे दीड एकर, खाद्याच्या पिंपाजवळ, साडेपाच वाजता, पाचव्यांदा. मित्राला ते पान दाखवले तेव्हा त्याने बराच वेळ पाहिले आणि त्याच्या स्वतःच्या सर्वांत मोठ्या माशाचे वजन कोणत्या काट्यावर झाले होते, हे आठवेना म्हणून तो थोडा गप्प बसला.

पुढच्या महिन्याचा एक दिवस मी ठरवून टाकला आहे. त्या दिवशी पिंप बंद ठेवता येईल का, असे मालकांना या वेळी विचारले. ते म्हणाले, "ठेवतो की. पण मासा लागला नाही, तर ब्लूगिलांचा उपास तुमच्या नावावर वहीत लिहीन."